दोन हंगामांची बेरीज कोण करणार?

मे १९३८. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावात लांब उडीची स्पर्धा होती आणि त्याच दिवशी ग्लेंडेलला बेसबॉलचा महत्त्वाचा सामना. पासाडेना ज्युनियर कॉलेजला दोन्हीकडे एकच मुलगा हवा होता, एकोणीस वर्षांचा जॅकी रॉबिन्सन. पोमोनाच्या अधिकाऱ्यांनी त्याला आपल्या उड्या लवकर मारू दिल्या. त्याने २५ फूट साडेसहा इंचांची उडी घेतली आणि सख्ख्या थोरल्या भावाचा विक्रम मोडला. हा भाऊ, मॅक, दोन वर्षांपूर्वी बर्लिन ऑलिंपिकच्या २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग रौप्यपदक जिंकून आला होता. मग जॅकी गाडीत बसून ग्लेंडेलला पोचला आणि चालू सामन्यात संघासोबत मैदानात उतरला. पुढे १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळत त्याने अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली.

ही हकीकत सांगताना सगळे त्याच्या पायांतल्या ताकदीबद्दल बोलतात. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. दोन खेळांच्या मोठ्या माणसांनी एका मुलासाठी वेळापत्रक थोडं वाकवलं होतं. आजच्या अमेरिकन हायस्कुलांमध्ये एकाच मोसमात दोन खेळ खेळणाऱ्या मुलामुलींचं काय होतं, ते बहुतेक वेळा या एकाच गोष्टीवर ठरतं.

तिथली व्यवस्था आपल्यापेक्षा वेगळी आहे. शालेय वर्षाचे खेळासाठी तीन हंगाम पडतात. शाळा सुरू होते त्या सुमारास शरद हंगाम, मग हिवाळी, मग वसंत. अमेरिकन फुटबॉल आणि क्रॉसकंट्री शरदात, बास्केटबॉल आणि कुस्ती हिवाळ्यात, बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि अॅथलेटिक्स वसंतात. संघ शाळेचा, मैदान शाळेचं, आणि कोच पुष्कळदा शाळेतलाच शिक्षक. शेवटचा तास संपला की मुलं कपडे बदलून मैदानावर येतात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असतात. हंगाम चालू असेपर्यंत हे जवळपास रोज. जिल्हा, विभाग, राज्य अशा क्रीडा स्पर्धांपुरते संघ जमवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा रोजचा रेटा नवा वाटेल.

या व्यवस्थेचा पसारा प्रचंड आहे. राज्यांच्या क्रीडा संघटनांची शिखर संस्था, नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स, दरवर्षी सहभागाचा आकडा जाहीर करते, आणि अलीकडे तो ८० लाखांच्या वर गेला आहे. पण हा आकडा ८० लाख मुलांचा नाही. दोन खेळ खेळणारी मुलगी त्यात दोनदा मोजली जाते, तीन खेळणारी तीनदा. त्यामुळे एवढ्या मोठ्या आकड्यातून किती मुलांच्या अंगावर दोन खेळांचा भार आहे, ते कळत नाही.

एकामागून एक तीन खेळ खेळणं ही तिथली जुनी आणि मानाची परंपरा आहे. व्यवस्थाच त्यासाठी आखलेली आहे. कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स टेक्ससमधल्या व्हाइटहाउस हायस्कुलात फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही खेळ खेळला. बेसबॉलच्या एका सामन्यात त्याने सोळा फलंदाज बाद केले आणि प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिला नाही. २०१४ मध्ये डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाने त्याची निवडही केली होती. तो फुटबॉलकडे गेला.

अडचण येते ती हंगाम एकमेकांवर चढतात तेव्हा. ती दोन तऱ्हांनी येते. पहिली कडेची. फुटबॉलचा संघ चांगला निघाला तर बाद फेऱ्या नोव्हेंबरभर आणि टेक्ससमध्ये डिसेंबरपर्यंत चालतात. तेवढ्यात बास्केटबॉल आणि कुस्तीचा सराव सुरू झालेला असतो. शाळा फुटबॉलमध्ये जितकी पुढे जाईल तितका बास्केटबॉलचा कोच आपल्या निम्म्या संघाची वाट पाहत बसतो. लहान गावात सगळे त्याच फुटबॉल संघासाठी ओरडत असतात, त्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही.

कुस्तीच्या बाबतीत ही कड जास्त टोचते. फुटबॉलच्या आघाडीच्या फळीतल्या मुलाला वजन हवं असतं. त्यासाठी तो उन्हाळाभर खातो, वजनं उचलतो. कुस्तीत मात्र वजनगट असतात. पूर्वी मुलं घाम गाळून, पाणी तोडून चार दिवसांत वजन उतरवायची. १९९७ मध्ये महाविद्यालयीन कुस्तीतले तीन पैलवान अशा घाईच्या वजनउतारात दगावले आणि नियम कडक झाले. आता हायस्कूलच्या पैलवानाचं किमान वजन हंगामाच्या सुरुवातीला ठरवलं जातं. शरीरातली चरबी मुलांमध्ये ७ टक्क्यांच्या आणि मुलींमध्ये १२ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट घेता येत नाही, आणि आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवता येत नाही. म्हणजे २०० पौंडांच्या मुलाला आठवड्याला जास्तीत जास्त तीन पौंड. त्याचा फुटबॉल संघ तीन आठवडे जास्त खेळला, तर उतरणीचे तीन आठवडे गेले. मग तो वरच्या गटात लढतो, किंवा जानेवारी उजाडेपर्यंत थांबतो. इथे नियम मुलाच्या बाजूने उभा आहे, आणि तसाच असायला हवा.

दुसरी तऱ्हा खऱ्या अर्थाने अवघड. एकाच हंगामात, एकाच संध्याकाळी दोन खेळ. वसंतातली नेहमीची जोडी म्हणजे बेसबॉल आणि अॅथलेटिक्स. बेसबॉलमधला वेगवान धावपटू ४ बाय १०० मीटर रिलेच्या कोचला हवाच असतो. पण रिले नुसत्या वेगावर जिंकता येत नाही. बॅटन धावता धावता एका हातातून दुसऱ्या हातात जायला हवा, आणि ती जुळणी चार जणांनी एकत्र सराव केल्याशिवाय होत नाही. उंच उडी मारणारा एकटा येऊन उड्या मारून जाऊ शकतो, रिलेवाला नाही. म्हणून अनुभवी कोच अशा मुलाला आधी उडी किंवा एकट्याची शर्यत देतात आणि रिलेचा विचार मागाहून करतात.

शरदात अशीच जोडी सॉकर आणि फुटबॉलची. जिथे सॉकर शरदात असतो, तिथे फुटबॉलच्या कोचला चेंडू लांब मारणारा पाय सॉकरच्या संघात सापडतो. किकरला रोजच्या धक्काबुक्कीच्या सरावाची गरज नसते. आठवड्यातून थोडा वेळ आणि शुक्रवारी रात्रीचा सामना एवढ्यात त्याचं काम भागतं. हीच देवाणघेवाण महाविद्यालयीन पातळीवर २०२० मध्ये साऱ्या देशाने पाहिली. कोविडमुळे व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे किकर कमी पडले, तेव्हा नुकतंच विभागीय विजेतेपद जिंकलेल्या महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर फुटबॉलच्या मैदानात उतरली. देशातल्या पाच बलाढ्य विभागांच्या फुटबॉलमध्ये खेळलेली ती पहिली स्त्री.

अनेक शाळा अशा दुहेरी सहभागासाठी आता लेखी करार करून घेतात. मुलाने आपला मुख्य खेळ आधी सांगायचा. दोन सामने एकाच दिवशी आले तर कुठे जायचं, साधा सामना आणि विजेतेपदाची फेरी यांत वरचढ काय, सराव कुठल्या दिवशी कुठे, हे हंगामाआधी ठरवायचं. खाली मुलाची, पालकांची, दोन्ही कोचांची आणि क्रीडा संचालकाची सही. कागद साधा, पण त्याने एक मोठं काम होतं. निवडीचं ओझं मुलाच्या डोक्यावरून उतरतं. नाहीतर पंधरा वर्षांच्या मुलीला एका कोचकडे जाऊन ‘सर, आज मी येणार नाही’ म्हणावं लागतं, आणि पुढच्या सामन्यात आपल्याला बाकावर का बसवलं याचा अर्थ तिचा तिने लावायचा.

तरीही या करारांतून एक गोष्ट सहसा निसटते. त्यात तास आणि तारखा असतात, शरीरावर पडणाऱ्या एकूण ताणाचा हिशेब नसतो.

विस्कॉन्सिनमधल्या हायस्कुलांतल्या दीड हजारांहून अधिक खेळाडूंचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच खेळाला पूर्ण वाहून घेतलेल्या मुलांमध्ये पायांच्या दुखापतींचं प्रमाण तसं न केलेल्या मुलांच्या दीडपटीहून जास्त आढळलं. तेच स्नायू, तेच सांधे वर्षभर त्याच रीतीने वापरले की ते थकतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१६ मध्ये सांगितलं की एकाच खेळात विशेष प्रावीण्याचा ध्यास पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावा, आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने आपल्या खेळातून सुट्टी घ्यावी. अनेक पालक यावरून ‘दोन खेळ म्हणजे सुरक्षित’ असा अर्थ काढतात.

पण हा फायदा एका खेळामागून दुसरा खेळण्याचा आहे. फुटबॉलने दमलेले खांदे बास्केटबॉलच्या महिन्यांत सावरतात. दोन खेळ एकाच आठवड्यात आले की बदल विश्रांती देत नाही, भर घालतो. बेसबॉलच्या कोचने दिलेली सुट्टी अॅथलेटिक्सचा कोच भरून काढतो. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. दोघांच्या वहीत त्या मुलाला आठवड्यात एक सुट्टी दिसते. मुलाच्या आठवड्यात मात्र एकही नसते.

बेसबॉलच्या पिचरचंच उदाहरण घेऊ. कोपरातला बंध फाटल्यावर करावी लागणारी शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तीच शस्त्रक्रिया हायस्कुलातल्या मुलांवरही होऊ लागली, तेव्हा सगळे हादरले. २०१७ च्या हंगामापासून शिखर संस्थेने प्रत्येक राज्याला चेंडूफेकींची मर्यादा आणि त्यानुसार विश्रांतीचे दिवस ठरवणं बंधनकारक केलं. नियम चांगलाच आहे. पण तो फक्त बेसबॉलमधल्या फेकी मोजतो. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, ओरेगॉन अशा राज्यांत वसंतातच भालाफेकही असते. मंगळवारी पिचिंग करून बुधवारी भाला फेकणाऱ्या मुलाचा खांदा आणि कोपर तेच असतात, आणि बुधवारच्या फेकी बेसबॉलच्या तक्त्यात येत नाहीत. त्या दोन्ही आकड्यांची बेरीज करण्याचं काम कुणालाच नेमून दिलेलं नाही.

झोपेचंही तेच. लॉस एंजेलिसच्या एका शाळेतल्या खेळाडूंवरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रात्री आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट दिसली. दोन सराव, बसचा प्रवास, मग गृहपाठ. अभ्यास टाळताही येत नाही. टेक्ससमध्ये १९८४ पासून नापासाला खेळ बंद असा कायदाच आहे. मग कात्री लागते ती झोपेला.

या सगळ्यावर आणखी ताण येतो शाळेबाहेरच्या क्लबांचा. फी भरून वर्षभर एकच खेळ शिकवणारे क्लब शाळेचा हंगाम जुमानत नाहीत. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने २०१२ मध्ये आपल्या विकास अकादमीचा हंगाम दहा महिन्यांचा केला आणि त्यातल्या मुलांना शाळेच्या संघातून खेळणं जवळपास बंद केलं. शाळेच्या जर्सीत वर्गमित्रांसमोर खेळण्याचा आनंद की मोठ्या क्लबांच्या नजरेत राहण्याची संधी, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलांसमोर टाकला गेला. तो अन्याय होता, असं स्पष्ट म्हणायला हवं. ती अकादमी २०२० मध्ये बंद पडली.

आपल्याकडेही असा दुहेरी प्रवास झालेला आहे. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज शाळकरी वयात महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील हॉकी संघात आणि मुंबईच्या १९ वर्षांखालील क्रिकेट संघातही खेळत होती. पुढे तिने क्रिकेट निवडलं. २०२५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने केलेल्या नाबाद १२७ धावा देशाला आठवतात. तिला घरातूनच भक्कम आधार होता, वडीलच तिचे प्रशिक्षक. ज्यांच्या घरात असं कुणी नाही, त्यांच्यासाठी दोन खेळांच्या ताणाची बेरीज करण्याचं काम शाळेनेच करायला हवं.

ते कसं होतं हे पाहायचं तर मोठ्या शाळांपेक्षा छोट्या गावांकडे जावं. पश्चिम टेक्ससमध्ये पटावर शंभरच्या आसपास मुलं असलेल्या शाळा अकरा जणांचा फुटबॉल संघ उभा करू शकत नाहीत, म्हणून त्या सहा जणांचा फुटबॉल खेळतात. तिथे प्रत्येक मुलाने दोन-तीन खेळ खेळले नाहीत, तर शाळेचा एकही संघ उभा राहणार नाही. अशा शाळांत शरदातला फुटबॉलचा कोच वसंतात धावपटूंना शिकवतो आणि मधल्या काळात बास्केटबॉलच्या बाकावरही तोच असतो. वर्गात इतिहास शिकवतानाही पुष्कळदा तोच. त्यामुळे कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची चाचणी आहे आणि काल रात्री कोण उशिरा घरी पोचलं, हे त्याला एकत्रच माहीत असतं, आणि सराव कुणाचा कमी करायचा ते ठरवायला त्याला दुसऱ्या कुणाची सही लागत नाही.