प्रेमाचा विरुद्धार्थी शब्द

शाळेतल्या मुलाला ‘प्रेम’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारा. तो चटकन ‘द्वेष’ म्हणेल आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पोलंडमधल्या एका कॅथॉलिक धर्मगुरूंनी मात्र १९६० साली एक पुस्तक लिहून या सोप्या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. प्रेमाच्या समोर त्यांनी उभा केला तो द्वेष नव्हे, तर ‘वापर’. एका माणसाने दुसऱ्याला आपल्या सुखाचे साधन केले की तिथे प्रेम उरत नाही, मग तोंडची भाषा कितीही गोड असो. पुस्तकाचे नाव ‘प्रेम आणि जबाबदारी’. लेखकाचे नाव कारोल वोयतिवा. हेच गृहस्थ पुढे १९७८ साली पोप जॉन पॉल दुसरे झाले.

ज्यांनी जन्मात बाशिंग बांधले नाही, त्यांनी लग्नावर लिहावे काय, ही शंका वाजवी आहे. पण वोयतिवा मठात दार लावून बसलेले नव्हते. आई लहानपणीच गेली. वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हायच्या आत थोरला भाऊ आणि वडीलही गेले. जर्मन अंमलाखाली त्यांनी दगडाच्या खाणीत काम केले आणि चोरून होणाऱ्या नाटकांत भूमिका केल्या. १९४६ साली दीक्षा घेतल्यावर क्राकूफ शहरात त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा मेळा जमला. पाद्र्यांनी तरुणांना जमवणे कम्युनिस्ट सरकारला खपत नसे. म्हणून ही मंडळी साध्या कपड्यांत डोंगरांत हिंडत, नद्यांतून छोट्या होड्या वल्हवत आणि आपल्या गुरूला ‘वुयेक’, म्हणजे मामा, अशी हाक मारीत. त्यांची प्रेमे, लग्ने आणि लग्नानंतरची भांडणे या मामाने जवळून पाहिली.

त्यामुळे पुस्तकात नुसता उपदेश नाही. पत्नीच्या सुखाची पर्वा न करणारा नवरा स्वार्थी ठरतो, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. धर्मगुरूने इतके उघड लिहावे याचा पुष्कळांना त्या काळी धक्का बसला. त्याच वर्षी त्यांचे एक नाटकही टोपणनावाने छापून आले. त्यात नवऱ्याशी बेबनाव झालेली एक बाई लग्नाची अंगठी विकायला सोनाराकडे जाते. सोनार अंगठी तराजूत टाकतो. काटा हलत नाही. नवरा जिवंत असताना एकट्या अंगठीला वजनच नाही, दोन्ही मिळूनच काय ते वजन, असे तो सांगतो.

पोप झाल्यावर सप्टेंबर १९७९ पासून नोव्हेंबर १९८४ पर्यंत, बुधवारच्या जाहीर भेटींत, त्यांनी हा विषय टप्प्याटप्प्याने मांडला. १९८१ च्या मे महिन्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यात खंड पडला. या १२९ प्रवचनांना आज ‘देहाचे धर्मशास्त्र’ म्हणतात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. देह म्हणजे आत्म्यावर चढवलेला अंगरखा नव्हे आणि कैदखाना तर नव्हेच. मनातले प्रेम दिसते ते देहातूनच: हातातून, डोळ्यांतून, कष्टांतून. बायबलच्या आरंभी आदाम आणि एवा उघडे असूनही लाजत नव्हते, याचा अर्थ पोप असा लावतात की एकाच्या नजरेत दुसऱ्याविषयी हाव नव्हती. एकमेकांची वस्तू होण्याचे भय शिरले तेव्हा लाज जन्मली. देह हा दान देण्यासाठी आहे. आणि दान हिसकावून घेता येत नाही.

ख्रिस्ती परंपरेत ही भाषा नेहमीच नव्हती. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिन यांनी संतती, निष्ठा आणि संस्कार या तीन गोष्टींसाठी विवाहाला चांगले म्हटले, पण वासनेकडे ते संशयानेच पाहत राहिले. १९१७ च्या धर्मसंहितेत संतती हा विवाहाचा मुख्य हेतू होता आणि परस्परांचे साहाय्य दुय्यम. १९८३ च्या संहितेत ही उतरंड गेली. पती-पत्नींचे हित आणि संतती शेजारी शेजारी बसली. आणखी एक गोष्ट आपल्याला नवलाची वाटेल. रोमन पद्धतीच्या कॅथॉलिक लग्नात संस्कार करणारे वधूवर स्वतःच असतात. पाद्री चर्चच्या वतीने साक्षीला उभा असतो. आपल्याकडे बाप कन्यादान करतो. तिथे कन्या स्वतःचे दान स्वतः करते, आणि वरही तेच करतो.

८ ऑक्टोबर १९८० च्या बुधवारी पोप म्हणाले की पुरुष स्वतःच्या पत्नीच्या बाबतीतही मनाने व्यभिचार करू शकतो. झाले! वृत्तपत्रांनी हसून घेतले. नवऱ्याने बायकोकडे पाहायचेही नाही काय, असा गलका उठला. पण सांगायचे होते ते साधे होते. लग्नाची नोंद म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. घरातली बाई केवळ आपल्या भुकेसाठी आहे असे मानणारा नवरा तिला वापरतोच, मग तो गळ्यात मंगळसूत्र बांधणारा असो की बोटात अंगठी घालणारा. बोहल्यावर ‘नातिचरामि’ म्हणणाऱ्यानेही हे वाक्य एकदा स्वतःशी म्हणून पाहावे.

इथवर मान डोलावणारी पुष्कळ माणसे पुढच्या वळणावर थबकतात. १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला येऊन गेलेले पोप सहावे पॉल यांनी नेमलेल्या मंडळींपैकी बहुसंख्यांनी संततिनियमनाचा नियम सैल करावा असे सुचवले होते. पोपनी ते मानले नाही. जुलै १९६८ च्या पत्रकात त्यांनी कृत्रिम साधने निषिद्ध ठरवली. पाळणा लांबवायचा तर गर्भ राहण्याचे दिवस टाळावेत, एवढीच मुभा ठेवली. जॉन पॉल यांनी हा नियम आपल्या देहविचारावर उभा केला. दान द्यायचे तर पुरते द्यावे, मातृत्व-पितृत्वाची शक्ती मागे ठेवून नव्हे, हे त्यांचे उत्तर.

तीन मुलांची थकलेली आई इथे विचारील, “माझ्या जिवाचा विचार करून आम्ही दोघांनी मिळून गोळी घ्यायचे ठरवले, तर यात कोणी कोणाला वापरले?” हा प्रश्न कॅथॉलिक घरांतच उठला आणि असंख्य श्रद्धाळू जोडप्यांनी आपल्यापुरता निराळा निर्णय घेतला. माझ्या मते त्या आईचा प्रश्न खरा आहे आणि नियमापाशी त्याचे समाधान होत नाही. पण गंमत अशी, की तो प्रश्न विचारण्याचे शब्द तिला याच पोपनी दिले आहेत. २०१६ च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनीही चर्चला सुनावले, की आपल्याला माणसांची सदसद्विवेकबुद्धी घडवायची आहे, तिची जागा घ्यायची नाही.

नियम पाळावा की नाही हे ज्याच्या त्याच्या धर्माने आणि बुद्धीने ठरवावे. ‘वापर’ हा शब्द मात्र कोणत्याही धर्माच्या घराला लागू आहे. पगार आणून देणारा नवरा, दोन्ही वेळा स्वयंपाक करणारी बायको, हुंड्याच्या बोलीत तोलली जाणारी मुलगी, यांपैकी कोणाला आपण माणूस म्हणून पाहतो आणि कोणाला सोय म्हणून? द्वेष घरात शिरला तर आवाज होतो, शेजाऱ्यांनाही कळतो. वापर मात्र निमूटपणे येतो आणि वर्षानुवर्षे संसार म्हणून नांदतो.