दाण्याचं कूट बाधतं तेव्हा

मैत्रिणींनो, साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी... दाण्याच्या कुटावाचून आपलं पान हलत नाही! पण एखाद्या मुलाला तेच कूट बाधतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. ही अ‍ॅलर्जी असू शकते. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. मग मात्र आजी प्रेमानं म्हणाल्या, ‘चिमूटभरानं काय होतंय?’ तरी ऐकू नका. दाणे भाजून-तळून दोष जात नाही. कूट घालण्याआधीच त्याची भाजी काढा, डावही वेगळा ठेवा. २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख सक्तीचा आहे, तो वाचा. शाळेतल्या बाईंना, शेजारणीला सांगून ठेवा. धाप लागली, आवाज घोगरा झाला, तर गोळीवर विसंबू नका. अ‍ॅड्रेनॅलिनच्या इंजेक्शनसाठी तडक रुग्णालय गाठा. मुलाचं ‘नको’ दरवेळी हट्टच नसतो, बरं का!