जुनं मशीन, नवा कंट्रोलर: पडद्यावरचा आकडा खरा कधी मानायचा?



आज आपण कारखान्यात शिरणार आहोत. ४०-५० वर्षं चाललेल्या लेथला किंवा मिलिंग मशीनला सीएनसी कंट्रोल बसवायचा, याला आपल्याकडे सरळ ‘रेट्रोफिट’ म्हणतात. लहान कारखानदाराला नवं सीएनसी मशीन झेपत नाही. जुन्याचं बिडाचं अंग मात्र धडधाकट असतं. मग मोटारी आणि कंट्रोलर बसवला की काम झालं, असं वाटतं. खरंच होतं का?

हा मार्ग हलका आहे असं मात्र समजू नका. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आकड्यांच्या हुकमावर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. ते कोरं करकरीत नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं आधीच तयार असलेलं मशीन घेऊन त्याला नवं नियंत्रण जोडलं होतं. म्हणजे या विद्येचा जन्मच रेट्रोफिटमधून झाला.

आता मुख्य प्रश्न. पडद्यावर ‘१००.०००’ दिसतं. टेबल १०० मिलिमीटरवर आहे हे कंट्रोलरला कळलं कसं? बहुतेक रेट्रोफिटमध्ये एन्कोडर मोटारीच्या मागे असतो. तो मोटारीचे फेरे मोजतो. स्क्रू थेट मोटारीला जोडलेला आणि त्याची पिच ५ मिलिमीटर धरली, तर २० फेऱ्यांत टेबल १०० मिलिमीटर सरकलं असणार. यातलं ‘असणार’ महत्त्वाचं. न्यायदर्शनाच्या भाषेत हे अनुमान झालं, प्रत्यक्ष नव्हे. धुरावरून अग्नी ओळखावा तसं फेऱ्यांवरून अंतर ओळखलं. अनुमान व्याप्तीवर उभं असतं: जिथे फेरा, तिथे सरकणं. ही व्याप्ती तुटली तरी पडद्यावरचा आकडा तसाच राहतो. बिघडतो तो जॉब.

ती कुठे तुटते? पहिली जागा बॅकलॅश. जुना स्क्रू आणि नट झिजलेले असतात. दिशा बदलली की स्क्रू थोडा फिरतो, टेबल जागचं हलत नाही. हाताने चालवणारा ऑपरेटर हे ओळखून असतो. तो नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. पुढे गेलाच, तर चांगला मागे जाऊन पुन्हा येतो. कंट्रोलरने गोल कापायला घेतला की चार ठिकाणी दिशा बदलते, आणि तिथे खुणा उमटतात. कंट्रोलरमध्ये बॅकलॅशची भरपाई टाकता येते, नाही असं नाही. भोकं पाडायला ती बऱ्याचदा पुरते. पण कटरच टेबलाला फीडच्या दिशेने ओढू लागला, तर त्या ढिलाईत टेबल झटका खातं. तिथे सॉफ्टवेअर काय करणार? प्रीलोड असलेला बॉल स्क्रूच हवा.

दुसरी जागा बेडची झीज. लेथचा बेड चकजवळ जास्त झिजतो, कारण काम तिथेच जास्त होतं. तिथे गिब आवळली, तर सॅडल टेलस्टॉककडे अडकतं. सैल सोडली, तर चकजवळ डुलतं. नव्या स्क्रूने हे सुटत नाही. बेड ग्राइंड करणं किंवा ब्लू लावून स्क्रेपिंग करणं, याला पर्याय नाही.

तिसरी जागा उष्णता. पोलादाचा १ मीटर लांबीचा स्क्रू १ अंशाने तापला की सुमारे ११-१२ मायक्रॉन वाढतो. ५ अंश म्हणजे ५५-६० मायक्रॉन, जवळपास एका केसाची जाडी! टेबलावर लिनिअर स्केल बसवली तर आपण प्रत्यक्षाच्या जवळ जातो, कारण ती स्क्रूला न विचारता टेबलच मोजते. तरीही मोजते टेबल, टूलचं टोक नव्हे. सॅडल डुललं तर तिलाही ते दिसत नाही.

यातून एक साधा नियम हाती येतो. जी चूक दर वेळी तेवढीच होते, ती आकड्याने दुरुस्त करता येते. दर वेळी वेगळी होणारी चूक लोखंडातच दुरुस्त करावी लागते. म्हणून कंट्रोलरची ऑर्डर देण्याआधी डायल गेज लावा. दोन्ही दिशांनी १०-१० वेळा त्याच जागी या आणि वाचन लिहून ठेवा. पैसे आधी बेडवर, मग स्क्रूवर आणि शेवटी कंट्रोलरवर.

आणखी एक गोष्ट उरते. हँडल काढलं जातं तेव्हा त्यावरचा हातही बाजूला होतो. यंत्र कुठे जड जातं, सकाळी किती वेळ तापू द्यावं लागतं, कोणत्या बाजूने मापावर यायचं, हे त्या हाताला ठाऊक असतं, कागदावर नसतं. मायकेल पोलान्यी या विचारवंताने अशाच अबोल ज्ञानाबद्दल लिहिलं आहे. तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी ऑपरेटरला शेजारी बसवा, विचारा, लिहून घ्या. जमलं तर नव्या कंट्रोलरवरही त्यालाच बसवा. त्या यंत्राबद्दल कंट्रोलर अनुमान करतो. प्रत्यक्ष अनुभव त्या माणसाचा आहे.