खोडलेला शेरा

फिल ओस्टर यांची एक सवय होती. आपण सांभाळत असलेल्या सर्व्हरवर बाहेरून जी वेब-रहदारी येई, ती सगळी ते साठवून ठेवत. २०१६मध्ये त्यांच्याकडचा एक सर्व्हर कुणीतरी फोडला. चोराने सोबत आणलेलं हत्यार त्या साठवणीत जसंच्या तसं सापडलं. ओस्टर यांनी ती फाइल वेगळी काढून तपासली. साध्या वापरकर्त्याच्या खात्यात बसून ती चालवली, की काही क्षणांत अख्ख्या यंत्राचा ताबा मिळत होता. लिनक्सच्या कर्नलमध्ये किमान नऊ वर्षं एक भोक उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरायला लागलं होतं.

कर्नल म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा. कोणत्याही अ‍ॅपला मेमरीत, डिस्कवर किंवा कॅमेऱ्यावर थेट हात टाकता येत नाही, मागणी कर्नलकडे करावी लागते आणि कुणाला काय द्यायचं ते कर्नल ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला लिनक्स कर्नल आज बहुतेक सर्व्हरमध्ये आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. अ‍ॅपमध्ये भोक असेल तर ते अ‍ॅप जातं. कर्नलमध्ये असेल, तर दाद मागायला वर कुणी उरतच नाही.

या भोकाला ‘डर्टी काऊ’ असं नाव पडलं. गायीचा संबंध फक्त आद्याक्षरांपुरता. कर्नलची ‘कॉपी ऑन राइट’ नावाची एक काटकसरीची पद्धत आहे, तिची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘काऊ’ होतं. आणि मेमरीतल्या ज्या पानावर काही लिहून बदल झाला आहे, त्याला या धंद्यात ‘डर्टी’ म्हणतात.

ही पद्धत समजायला एखादी कचेरी डोळ्यांसमोर आणा. मूळ नोंदवही एकच, ती सगळ्यांनी वाचावी. तुम्हाला तिच्यावर काही खरडायचं असेल तर कारकून तुमच्या अर्जावर ‘लिहिण्यासाठी’ असा शेरा मारतो, त्या पानाची झेरॉक्स काढतो आणि ती तुमच्यापुढे ठेवतो. झेरॉक्सवर काय वाटेल ते लिहा, मूळ वही सुरक्षित. कर्नलही तेच करतो. दहा प्रोग्रॅम एकच फाइल वाचत असतील तर मेमरीत प्रत एकच असते, आणि कुणी लिहायला गेला की त्याला त्याची स्वतःची प्रत मिळते.

घोटाळा एका बारीकशा सवयीत होता. झेरॉक्स काढून झाली की कारकून अर्जावरचा ‘लिहिण्यासाठी’ हा शेरा खोडून टाकायचा. आता प्रत तयार आहे, परवानगीचा प्रश्न मिटला, असा त्याचा हिशेब. मग प्रत आणायला तो वळायचा. नेमक्या त्याच क्षणी तुमच्या जोडीदाराने ती झेरॉक्स टेबलावरून उचलून फेकून दिली तर? कारकून परत येतो, प्रत दिसत नाही, पुन्हा अर्ज बघतो. शेरा खोडलेला. म्हणजे यांना नुसतं वाचायचं आहे, असं समजून तो मूळ वही पुढे करतो. तुमच्या हातात मात्र पेन तयारच असतं.

‘जोडीदार’ म्हणजे त्याच प्रोग्रॅमचा समांतर चालणारा दुसरा धागा, आणि ‘फेकून देणं’ म्हणजे ‘हे पान मला आता नको’ असं कर्नलला सांगणारी एक अगदी रीतसर सूचना. दोन्ही कामं स्वतंत्रपणे पाहिली तर निर्दोष. पण लाखो वेळा एकमेकांवर आदळवत राहिलं, की कधीतरी ती फट सापडतेच. मग ज्या फाइलवर फक्त वाचण्याचा हक्क आहे, तिच्यातही लिहिता येतं. ती फाइल यंत्रावरच्या खात्यांची यादी असेल, तर स्वतःला मालक करून घेणं एका ओळीचं काम. आणि सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींमध्ये याचा काही मागमूस राहत नाही. ओस्टर यांची साठवणीची सवय नसती तर हा प्रकार उघडकीला यायला आणखी किती काळ गेला असता, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

दुरुस्ती टोरवाल्ड्स यांनी स्वतः केली. १८ ऑक्टोबर २०१६ला ती मुख्य कोडमध्ये आली. वीस ओळीही भरणार नाहीत एवढीच. कारकुनाने शेरा खोडायचा नाही. उलट ‘झेरॉक्स दिली’ असा दुसरा शेरा मारायचा, आणि परत आल्यावर पुढ्यातलं पान खरोखरच बदललेलं, म्हणजे ‘डर्टी’ आहे का, ते पाहूनच हातात द्यायचं. दुरुस्तीसोबतच्या टिपणात त्यांनी एक कबुली दिली आहे, आणि ती मला त्या कोडइतकीच मोलाची वाटते. ही चूक आपण अकरा वर्षांपूर्वीच बुजवू पाहिली होती, तीही नीट नव्हे, आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडचण आल्यामुळे ती दुरुस्ती मागे घेतली गेली. तेव्हा ही टक्कर निव्वळ कागदावरची शक्यता होती, पुढे ती घडवून आणणं सोपं होत गेलं. हे त्यांनी सगळ्या जगाला वाचता येईल अशा ठिकाणी लिहून ठेवलं.

दोन दिवसांत कर्नलच्या सुधारित आवृत्त्या बाहेर पडल्या. रेड हॅट, डेबियन, उबंटू या लिनक्स वितरणांनी आपापल्या वापरकर्त्यांसाठी त्या तयार केल्या. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा भोकाचा पत्ताही जाहीर होतो. कोणत्या ओळी बदलल्या ते वाचून आधी काय चुकत होतं, हे कोणताही जाणकार ताडू शकतो. त्यामुळे ज्याने अपडेट घेतलं नाही, त्याचं यंत्र आदल्या दिवशीपेक्षा जास्त धोक्यात असतं.

याची झळ आपल्या दारापर्यंत आलेली आहे. विंडोजच्या कर्नल पातळीवर चालणाऱ्या फाइल-वाटपाच्या भागातल्या दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ला उपाय दिला होता. १२ मेला ‘वॉनाक्राय’ हे घातक सॉफ्टवेअर त्याच दोषातून जगभर पसरलं. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ हे तसंच दुसरं आलं. त्याने पसरायला चोरलेले पासवर्डही वापरले आणि हा दोषही. त्या दिवशी नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. उपाय हाताशी येऊन साडेतीन महिने झाले होते.

लोक अपडेट का टाळतात? आळस हे त्याचं अर्धंमुर्धं उत्तर आहे. कर्नलची नवी फाइल डिस्कवर उतरली तरी मेमरीत जुनाच कर्नल चालू असतो, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा कामाला लागत नाही. बँकेचा किंवा रुग्णालयाचा सर्व्हर भर दुपारी बंद करा, असं सांगणं सोपं नाही. शिवाय अपडेटच घात करील ही भीती खोटी नाही. जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात आडवे झाले. म्हणून आधी थोड्या यंत्रांवर, मग सगळीकडे, हा क्रम योग्यच आहे. पण त्यातला ‘मग’ महिनोन्‌महिने लांबतो, तिथे माझी तक्रार आहे.

यंत्र बंद न करता कर्नल दुरुस्त करायची वाटही निघाली आहे. ‘केस्प्लाइस’ या साधनाने २००८मध्ये ते करून दाखवलं, आणि २०१५पासून लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच तशी सोय आहे. सदोष फंक्शनच्या उंबरठ्यावर एक वळणाची पाटी लावायची. हाक जुन्या नावानेच येते, काम नवं फंक्शन करतं. बदल लहान असेल तर हे छान जमतं, मांडणीच बदलायची असेल तर अवघड होतं.

फोनची कथा जास्त लांबची. लिनक्सपासून गूगल, तिथून चिप बनवणारी कंपनी, मग फोन बनवणारी, आणि मग आपला खिसा. यातला एक जरी मध्ये थांबला, तर दुरुस्ती तिथेच अडते. गूगलने नोव्हेंबर आणि डिसेंबर २०१६च्या सुरक्षा अपडेटमध्ये डर्टी काऊचा उपाय दिला होता. तरीही सप्टेंबर २०१७मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ‘झेडनियू’ नावाचा मालवेअर सापडला. तो हेच भोक वापरून अँड्रॉइड फोनचा ताबा घेत होता, आणि त्याचे सर्वाधिक बळी चीन आणि भारतात होते. चीनमध्ये तो एसएमएसच्या मार्गाने पैसे काढे. इतर ठिकाणी ती युक्ती चालली नाही, पण मागचं दार उघडून ठेवायला तो विसरला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट पुढे आली. मेमरीची पानं साधारणपणे चार किलोबाइटची असतात, पण काही वेळा कर्नल दोन मेगाबाइटची मोठी पानंही वापरतो. त्या पानांच्या बाबतीत झेरॉक्स न काढताच ‘डर्टी’चा शिक्का बसू शकत होता. म्हणजे टोरवाल्ड्स यांनी ज्या खुणेवर भरवसा ठेवला, तीच तिथे खोटी ठरत होती. बिंडेसी या कंपनीच्या संशोधकांनी ते दाखवून दिलं आणि दुरुस्तीची दुरुस्ती झाली.

आपल्या घरांत नवा फोन आला की जुना आईकडे, काकांकडे किंवा गावी जातो. स्क्रीन शाबूत असते, बॅटरी दिवसभर पुरते, पेन्शनचं खातं त्यावर जोडलेलं असतं, यूपीआयही चालतं. कंपनीने अपडेट कधी थांबवलं, हे कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी त्यांच्याकडे गेलात तर तो फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत, अँड्रॉइडच्या आवृत्तीखाली, सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती आजपासून जितकी मागे, तितक्या दुरुस्त्या त्या फोनपर्यंत पोचलेल्या नाहीत. आणि ती डिसेंबर २०१६च्याही आधीची निघाली, तर आतला कारकून बहुधा अजूनही झेरॉक्स काढून झाल्यावर शेरा खोडतो आहे.