मेळघाटात माणसं मोजायची कधी?

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याच्या वर घाट चढून गेलं की मेळघाटातल्या वस्त्यांचा रस्ता वेगळ्याच आकड्यावर अडतो. तिथं विचारलं जातं, माणसं किती?

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाटीवर किमान ५०० लोकसंख्या, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०, एवढी असली तर वस्तीला बारमाही रस्ता, असा तिचा नियम. आधी त्यासाठी २००१ ची जनगणना धरली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्याला २०११ ची. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून तिथं २५० ची अट. यवतमाळच्या कोलामांसारख्या विशेष दुर्बल जमातींसाठी पीएम-जनमन योजनेत ती १०० वर आली. मेळघाटातले कोरकू आदिवासी मात्र त्या यादीत नाहीत.

हा २५० चा आकडा येतो फेब्रुवारीतल्या शिरगणतीतून, आणि खरी अडचण इथंच आहे. खरिपाचं पीक घरात आलं, दिवाळी झाली, की मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. कुणी कापूस वेचायला, कुणी हरभरा सोंगायला, कुणी वीटभट्टीवर, कुणी शहरातल्या बांधकामावर. लेकरंही सोबतच जातात. परत यायचं ते होळीला, कारण होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण.

जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसतो, त्याची नोंद तो जिथं असेल तिथं होते. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. होळी आली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. समजा, एका वस्तीत २७० माणसं आहेत आणि त्यातली पाच-सहा कुटुंबं भट्टीवर आहेत. कागदावर वस्ती २५० च्या खाली गेली. रस्ता नाही म्हणून जवळपास रोजगार नाही, रोजगार नाही म्हणून माणसं बाहेर, आणि माणसं बाहेर म्हणून रस्ता नाही.

रस्ता झाला तरी गाडी येतेच असं नाही. जनगणनेच्या गावनिहाय माहितीत बससेवेचा एक रकाना असतो. गावात बस आहे का? नसेल तर किती लांब : पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढं? गाडी किती वाजता येते, हे त्यात कुठंच नाही. खेड्याचा सगळा दिवस तर त्या वेळेवरच ठरतो. संध्याकाळी येऊन पहाटे निघणारी मुक्कामी गाडी असली, तर पोरगी कॉलेजात पोचते, आजारी माणूस धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचतो. ती नसली तर काळीपिवळी, आणि तीही सीट भरल्याशिवाय हलत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पण ज्या गावात एसटीच जात नाही, तिथल्या बाईला जीपचं पूर्ण भाडं मोजावं लागतं.

पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि त्या वर्षी होळी मार्चच्या उत्तरार्धात. म्हणजे पुन्हा तेच. पण तारीख बदलता येत नाही असं कुणी म्हणू नये. लडाख आणि हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरचे बर्फाळ भाग यांच्यासाठी केंद्रानं संदर्भ तारीख १ ऑक्टोबर २०२६ अशी वेगळी धरली आहे. बर्फासाठी जे चालतं ते पोटासाठी बाहेर पडणाऱ्यांसाठीही चालायला हवं. देशाची मोजणी हवी तर फेब्रुवारीतच होऊ द्या. रस्त्याच्या पात्रतेसाठी मात्र धारणी-चिखलदऱ्यातल्या वस्त्या होळीच्या आठवड्यात, ग्रामसभेसमोर, पुन्हा मोजाव्यात.