कलिंगडवाल्यांचा हिवाळा

कलिंगडाचं शिरस्त्राण करायचं तर फळ डोक्यापेक्षा चार बोटं मोठं निवडावं लागतं. एका बाजूचा भाग कापून काढायचा आणि मोठ्या चमच्याने लाल गर कोरायचा. सालीलगतचा पांढरा थर मात्र थोडा राखायचा, नाहीतर कड दुमडते आणि सगळी मेहनत कानावर येते. पुढून चेहऱ्यापुरती खाप काढली की झालं. शहाणी माणसं आत प्लास्टिकची पिशवी नाहीतर लोकरीची टोपी घालतात. बाकीच्यांच्या मानेवरून रस ओघळतो, आणि कॅनडाच्या गवताळ पठारावरच्या नोव्हेंबरात तो ओघळ मानेवरच गोठायला लागतो. कलिंगडच का? रंग हिरवा आणि आकार हेल्मेटचा. सस्कॅचवान रफरायडर्स या कॅनेडियन फुटबॉल संघाच्या चाहत्यांना एवढं कारण पुरतं.

१६ नोव्हेंबर २०२५ रोजी विनिपेगच्या प्रिन्सेस ऑटो स्टेडियमवर रायडर्सने माँट्रियल अ‍ॅलुएट्सला २५-१७ असं हरवलं आणि ग्रे कप, म्हणजे कॅनेडियन फुटबॉल लीगचं विजेतेपद, जिंकला. रायडर्सचं गाव रिजायना ते विनिपेग हा रस्ता पावणेसहाशे किलोमीटरचा, सपाट आणि कंटाळवाणा. तरी हिरव्या जर्सीतली माणसं लोटली होती. विनिपेगमध्ये जिंकण्याला वेगळीच चव होती. २००३ मध्ये विनिपेगच्या संघातल्या एका किकरने, म्हणजे लाथ मारणाऱ्या खेळाडूने, रायडर्सच्या चाहत्यांना बँजो वाजवणारे गावंढळ ठरवलं होतं. पुढच्या वर्षापासून या दोन संघांच्या विनिपेगमधल्या सामन्याचं नावच ‘बँजो बोल’ पडलं. अपमान झाला, तिकिटं खपली, दोन्ही गावं खूश.

रायडर्सचं हे पाचवंच विजेतेपद. आधीची १९६६, १९८९, २००७ आणि २०१३ ची. संघाची स्थापना १९१० ची, म्हणजे सरासरी काढायला बसलं तर पिढीला एखादाच कप वाट्याला येतो. १९२८ ते १९३२ या काळात तर संघ सलग पाच वर्षं अंतिम सामना खेळला आणि पाचही हरला. १९६६ चा पहिला कप येईपर्यंत अंतिम फेरीतल्या पराभवांची संख्या आठ झाली होती.

इथे खेळाची थोडी ओळख हवी. हा फुटबॉल रग्बीतून निघालेला, हातात चेंडू घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा. वरवर पाहता अमेरिकी फुटबॉलच वाटतो, पण मोजमापं निराळी. एका बाजूला बारा खेळाडू, अमेरिकेत अकरा. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. अमेरिकेतलं १०० यार्ड लांब आणि रुंदीला जेमतेम ५३. आणि मुख्य फरक म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी मिळतात, इथे तीनच. दुसरी फसली की तिसऱ्या वेळी बहुतेकदा चेंडू लाथाडून लांब पाठवावा लागतो. त्यामुळे या खेळात लाथेला मान आहे.

कपाचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येतो. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांना चषक द्यायचा होता हॉकीसाठी, पण तो मान दुसऱ्याने पटकावला, म्हणून १९०९ मध्ये त्यांनी फुटबॉलला ४८ डॉलरचा चांदीचा कप दिला. पहिला सामना टोरंटो विद्यापीठाने जिंकला तेव्हा कप तयारच नव्हता. विजेत्यांना काही महिने वाट पाहावी लागली. १९४७ च्या आगीतून तो वाचला. १९६९ मध्ये ओटावातून चोरीला गेला आणि काही आठवड्यांनी टोरंटोत सापडला. २००६ मध्ये विजेत्या बीसी लायन्सच्या जल्लोषात बैठकीपासून तुटला. एवढ्या हालअपेष्टा सोसलेल्या वस्तूला ठिगळं लावून लोक अजून त्यातूनच पितात.

रायडर्सची गंमत अशी की या संघाला मालक नाही. संघ सार्वजनिक आहे. चाहत्यांनी घेतलेल्या भागांवर लाभांश मिळत नाही, घेणाऱ्याला मिळतो तो भिंतीवर लावायचा कागद आणि सभेत तक्रार करायचा हक्क. पैशांची चणचण झाली तेव्हा दूरचित्रवाणीवरून मदतीची आवाहनं करून संघ वाचवला गेला. अख्ख्या प्रांताची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आसपास, रिजायना शहराची सव्वादोन लाख, आणि २०१७ पासून वापरात असलेलं मोझेक स्टेडियम ३३ हजारांचं. मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढ्या प्रांताने व्यावसायिक संघ पोसायचा, हा हिशेब कागदावर बसत नाही. तिथले लोक तो दरवर्षी बसवतात.

या चाहत्यांची जखम मात्र २००९ ची आहे. कॅलगरीत अंतिम सामना, समोर माँट्रियल, रायडर्स २७-२५ असे पुढे. घड्याळात शून्य. माँट्रियलच्या डेमन डुव्हालने ४३ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून तीन गुणांची लाथ, मारून पाहिला आणि तो बाहेर गेला. हिरव्या जर्सीतले खेळाडू मैदानभर नाचायला लागले. मग पंचांचा नारिंगी रुमाल दिसला. रायडर्सचे बाराऐवजी तेरा खेळाडू मैदानात होते. दंड दहा यार्ड. डुव्हालने पुन्हा मारला, या वेळी ३३ यार्डांवरून, आणि चेंडू खांबांमधून गेला. २८-२७. दैवाची थट्टा अशी की रायडर्सचे चाहते स्वतःला अभिमानाने संघाचा ‘तेरावा गडी’ म्हणवून घेत असत. पुढच्याच वर्षी त्याच माँट्रियलने अंतिम सामन्यात त्यांना पुन्हा हरवलं, २१-१८.

त्या पहिल्या, चुकलेल्या लाथेत एक बारकावा आहे. दंड झाला नसता तरी माँट्रियलला एक गुण मिळण्याची शक्यता होती आणि त्या एका गुणानेही भागलं नसतं, कारण आघाडी दोनाची होती. हा एक गुण म्हणजे ‘रूज’. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये नसलेली, बाहेरच्याला समजावताना कॅनेडियन माणूस हमखास हातवारे करायला लागतो अशी ही तरतूद.

गोलरेषेच्या मागे एंड झोन नावाचा २० यार्ड खोल पट्टा असतो. लाथेने मारलेला चेंडू तिथे गेला की बचाव करणाऱ्या संघावर तो बाहेर काढण्याची जबाबदारी येते. चेंडू उचलणारा तिथेच पकडला गेला, त्याने गुडघा टेकला किंवा (२०२५ च्या हंगामापर्यंत) चेंडू पट्ट्याच्या बाजूने अथवा मागून बाहेर गेला, तर मारणाऱ्याला एक गुण. कबड्डीत गडी न मारता बोनस रेषेचा गुण पदरात पडतो, तसा काहीसा प्रकार. फील्ड गोल चुकला तरी हा गुण मिळू शकतो, म्हणून टीकाकार म्हणतात की ही चुकीची बक्षिसी आहे.

ही टीका अर्धवट आहे. रूज चुकीसाठी मिळत नाही; समोरच्याला त्याच्याच घराच्या मागच्या भिंतीपर्यंत रेटल्याबद्दल मिळतो. बरोबरी असताना शेवटचे काही सेकंद उरले की त्याची खरी करामत दिसते. मारणाऱ्याला खांबांमधून काढायची गरज नसते, २०२५ पर्यंत तर चेंडू फक्त मागे पार केला तरी पुरे. म्हणून बचाव करणारा संघ आपलाच एक लाथ मारणारा खेळाडू एंड झोनमध्ये उभा करतो. चेंडू आला की त्याने तो झेलायचा आणि पकडायला येणारे पोचायच्या आत उलट लाथाडायचा. पलीकडचा तो उचलून पुन्हा आत मारू शकतो. नियम त्याला परवानगी देतो. त्या काही सेकंदांत आधुनिक खेळाच्या पोटातून जुनं रग्बी बाहेर येतं, आणि तासभर रेखलेल्या डावपेचांचा कागद कुणाच्याच कामाचा राहत नाही. १९३९ चा ग्रे कप विनिपेगने ओटावाला ८-७ असा हरवून जिंकला, तोही अखेरच्या मिनिटांतल्या अशाच एका गुणावर.

सामने संपले की चाहत्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो, याद्यांचा. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी टोरंटोच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की करार संपलेले खेळाडू मोकळे होतात. रिजायनात तेव्हा अकरा वाजलेले असतात; कचेऱ्यांत कामं थांबतात आणि नावं वाचली जातात. इथले करार बहुधा एक-दोन वर्षांचे. २०२३ पासून किमान वार्षिक पगार ७० हजार कॅनेडियन डॉलर. अमेरिकेच्या एनएफएलमध्ये नवख्या खेळाडूचा किमान पगार २०२५ मध्ये ८ लाख ४० हजार अमेरिकी डॉलर होता. दक्षिणेकडून बोलावणं आलं तर कोण थांबेल? आणि जे थांबतात तेही संघ बदलत राहतात.

ट्रेव्हर हॅरिसची कारकीर्द त्याचा नमुना आहे. टोरंटो, ओटावा, एडमंटन, माँट्रियल आणि २०२३ पासून सस्कॅचवान. नऊ संघांच्या लीगमधले पाच या एका क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराने, पालथे घातले. टोरंटो आणि ओटावाबरोबर कप जिंकला तेव्हा तो राखीव होता. २०१८ मध्ये ओटावाचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून अंतिम सामन्यात उतरला आणि हरला. रायडर्सकडे आल्यावर पहिल्याच वर्षी गुडघ्याजवळचं हाड मोडून हंगाम बुडाला. पस्तिशी उलटलेल्या क्वार्टरबॅकबद्दल अशा वेळी लोक भूतकाळात बोलायला लागतात. विनिपेगच्या त्या रात्री एकोणचाळीस वर्षांच्या हॅरिसने २७ पैकी २३ फेकी अचूक दिल्या आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या जुन्या संघांच्या चाहत्यांनी त्या रात्री काय काय पुटपुटलं असेल, याची कल्पना कुणीही करावी.

खेळाडू जाणार, येणार, हे इथे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. लांबलचक मैदान, तीन संधी आणि तो चमत्कारिक एक गुण या गोष्टी मात्र जागच्या हलत नव्हत्या. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, हंगाम ऐन रंगात असताना, लीगचे नवे आयुक्त स्टुअर्ट जॉन्स्टन यांनी त्यांतल्या दोहोंना, मैदानाला आणि गुणाला, हात घातला.

बदल दोन टप्प्यांत जाहीर झाले. २०२६ पासून चेंडू एंड झोनच्या बाजूने किंवा मागून थेट बाहेर गेला तर गुण नाही. आत अडवलं तरच मिळेल. दोन खेळ्यांमधलं घड्याळ पंचाच्या शिट्टीनंतर वीस सेकंदांचं होतं, ते आपोआप सुरू होणारं पस्तीस सेकंदांचं होईल. २०२७ पासून मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं, एंड झोन २० ऐवजी १५ यार्डांचे, आणि गोलखांब गोलरेषेवरून उचलून एंड झोनच्या मागच्या कडेला.

घड्याळाबद्दल फारसं भांडण नाही. खांबांचा मामला मात्र दिसतो त्याहून मोठा आहे. आज तीस यार्डांच्या रेषेवर आक्रमण अडलं तर साधारण ३७ यार्डांचा फील्ड गोल मारावा लागतो, आणि चांगला किकर तो डोळे झाकून मारतो. खांब मागे गेले की तीच लाथ ५२ यार्डांची होते. म्हणजे तीन गुणांची खात्री गेली आणि चेंडू गोलरेषेपार नेण्याचा, म्हणजे टचडाउनचा, धोका पत्करणं आलं. लीगला नेमकं हेच हवं आहे. हंगामाला साठेक टचडाउन वाढतील असा तिचा अंदाज आहे, शिवाय गोलरेषेच्या मधोमध उभे असलेले खांब फेकीच्या आड येणार नाहीत. यात तथ्य आहे. गोलरेषेवरच्या खांबाला थडकून वाया गेलेली फेक पाहून हळहळला नाही असा प्रेक्षक विरळा.

तरी संशय जात नाही. शंभर यार्ड लांबी आणि मागच्या कडेचे खांब ही दोन्ही मापं एनएफएलची आहेत. २०२५ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला बीसी लायन्सचा नेथन रूर्क, स्वतः कॅनेडियन, याने या बदलांवर जाहीरपणे कडक टीका केली. लीगचं उत्तर असं की तीन संधी, बारा खेळाडू आणि ६५ यार्ड रुंदी कायम राहील. चाहत्यांना मात्र १९९३ ते १९९५ हा काळ आठवतो. तेव्हा लीगने अमेरिकेत संघ काढले आणि कॅनडाचं मैदान तिथल्या स्टेडियममध्ये मावेना. कुठे कोपरे छाटले, कुठे एंड झोन आखूड केले. १९९५ चा ग्रे कप बाल्टिमोरने जिंकला आणि तोही रिजायनात येऊन. त्यानंतर अमेरिकी संघ गुंडाळले गेले. तडजोडी कॅनडातही आहेतच: माँट्रियलच्या मैदानाचे कोपरे धावपट्टीमुळे कापलेले, आणि टोरंटोचे एंड झोन २० नव्हे तर १८ यार्डांचे. मैदानाचं पावित्र्य सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

लीगची अडचण पैशांची आहे. टोरंटोसारख्या सर्वांत मोठ्या शहरात हा खेळ गर्दी खेचत नाही. एडमंटनचा संघ दशकानुदशकं सार्वजनिक होता, तो २०२४ मध्ये एका उद्योजकाला विकला गेला. आता मालकाविना चालणारे दोनच संघ उरले, विनिपेग आणि सस्कॅचवान, म्हणजे बँजो बोलवाले. नव्या प्रेक्षकासाठी खेळ सोपा करायचा, तर जुन्याला ज्या खोडीमुळे तो आपला वाटतो तीच आधी जाते. आयुक्तांनी या कोड्याचं उत्तर अजून दिलेलं नाही, आणि सार्वजनिक संघाच्या भागधारकांचं मत आधी विचारलं असतं तर निदान भांडण घरातलं राहिलं असतं.

२०२६ चा अंतिम सामना कॅलगरीत, जुन्या लांबीवरचा शेवटचा. त्यानंतर विक्रमांच्या पुस्तकातली काही पानं कायमची बंद होतील. २००७ मध्ये टोरंटोच्या बशीर लेव्हिंग्स्टनने एंड झोनच्या जवळजवळ मागच्या कडेवरून चुकलेला फील्ड गोल उचलला आणि १२९ यार्ड धावून टचडाउन केला. २०२७ पासून एखादा खेळाडू मागच्या रेषेवरून निघून समोरच्या गोलरेषेपर्यंत पळाला, तरी ११५ यार्डच भरतील.