रिश्टर नावाची शिडी

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून किल्लारी परिसर झोपला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि सात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर 'रिश्टर स्केल' हे शब्द मराठवाड्यात घरोघरी पोचले. भूकंप शिकवताना आपणही ते वापरतो. ते एकदा उकलून पाहू.

पहिला शब्द जर्मन कुळातला. चार्ल्स रिश्टर हे अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ. आडनाव मात्र जर्मन. त्याचा अर्थ न्यायाधीश, म्हणजे सरळ-वाकडे ठरवणारा. आपला 'ऋजु' त्याचा दूरचा नातलग. गंमत म्हणजे इंग्रजी 'रिक्टर'पेक्षा आपला 'रिश्टर' मूळ जर्मन उच्चाराला अधिक जवळचा आहे!

दुसरा शब्द लॅटिन. 'स्काला' म्हणजे शिडी. संस्कृतातला उडी मारणे या अर्थाचा 'स्कन्द्' धातू याच कुटुंबातला. तराजूच्या पारड्यालाही इंग्रजीत 'स्केल' म्हणतात, पण तो शब्द निराळा. 'वाडगा' या अर्थाने तो उत्तर युरोपातल्या जर्मन कुळातल्या भाषांतून आला.

विद्यार्थ्यांचा घोटाळा नेमका येथेच होतो. रिश्टर स्केल हे वजनकाट्यासारखे यंत्र आहे, असे त्यांना वाटते. यंत्र म्हणजे भूकंपमापक. त्याने काढलेल्या आलेखावरून गणिताने ठरवायची पायऱ्यांची शिडी रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडली. (मोठ्या भूकंपांसाठी आता सुधारित मापन वापरतात, तरी बातम्यांतून जुने नाव हटत नाही.)

ही शिडी मात्र चमत्कारिक आहे. एक पायरी चढलो की आलेखावरील कंपनाचा विस्तार दसपट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, २००१ चा भूजचा ७.७ चा. फरक दीडच पायरीचा, पण ऊर्जा पावणेदोनशे पट! फळ्यावर हे गणित जरूर सोडवून घ्यावे. शिडीला दहावी, शेवटची पायरी असते ही समजूतही चुकीची. वरचे टोक तिला आखलेलेच नाही.

आणि ही शिडी हानी मोजत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही साधारण याच पायरीवरचा आणि पहाटेचाच; तेथे सुमारे दोनशे माणसे दगावली. किल्लारीकडे गावे दाट वस्तीची, घरांच्या भिंती दगड-मातीच्या आणि वर मातीचे जड माळवद. झोपलेल्या माणसांवर तेच कोसळले.

हानी मोजायला मर्काली यांच्या नावाची दुसरी शिडी आहे. तिच्यावर एकाच भूकंपाला गावागणिक वेगळी पायरी मिळते: किल्लारीला वरची, लातूर शहराला त्याखालची.